पडद्याच्या पलीकडचा कान

कानाच्या पडद्याला भोक पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात घबराट उडते. वास्तविक थापडेनं किंवा चेंडू लागून फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो. नाहीच भरला, तर कानाच्या वर असलेल्या स्नायूवरचं पातळ पटल काढून त्याचं ठिगळ बसवता येतं. त्याच घरातला विशीतला मुलगा विसर्जन मिरवणुकीतून मध्यरात्री परततो, कानात शिट्टी वाजतेय म्हणतो, तेव्हा मात्र ‘झोप, सकाळी जाईल’ एवढ्यावर विषय संपतो. सकाळी शिट्टी बहुधा जातेही. पण त्या रात्री त्याच्या कानात जे मेलं असेल, ते जगातला कुठलाही शल्यविशारद परत आणू शकत नाही.

कानाबद्दलची आपली काळजी अशी उलटी लागलेली आहे. बाहेरून आत जावं तसतसा कान नाजूक होत जातो आणि त्याची दुरुस्तीही अवघड होत जाते. आपण मात्र तेल, काडी, कापूस अशी सगळी मेहनत पहिल्या अडीच सेंटिमीटरवर करतो, म्हणजे जिथं कानाला आपली फारशी गरजच नसते तिथं.

बाहेर दिसणारा कान कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावर घट्ट बसलेल्या आवरणातून तिला पोषण मिळतं. मार लागून किंवा घासटून या दोहोंच्या मध्ये रक्त साकळलं की खालची कूर्चा उपाशी पडते, मरते आणि तिथं वेडावाकडा घट्ट गोळा तयार होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत असा सुजून गोळा झालेला कान ही पैलवानाची खूण मानली जाते आणि ती अभिमानानं मिरवलीही जाते. मिरवणाऱ्याला कोण काय सांगणार! पण साकळलेलं रक्त पहिल्या काही दिवसांत काढून वर दाबपट्टी बांधली, तर कान जसाच्या तसा राहू शकतो. कूर्चेच्या याच स्वभावामुळे कानाच्या वरच्या कडेला टोचणं जपून करावं लागतं. खालच्या लोंबत्या पाळीत कूर्चा नसते, म्हणून सोनारानं तान्ह्या बाळाचा टोचलेला कान सहसा बिनबोभाट भरतो. बुगडीच्या जागी किंवा हल्ली कडेनं ओळीनं टोचून घेतात तिथं जंतुसंसर्ग झाला, तर कूर्चा विरघळून कानाचा आकारच बसू शकतो. जड दागिन्यांनी ओघळलेल्या आणि फाटलेल्या पाळ्या सांधण्याचे पंधरा प्रकार सुश्रुतसंहितेत दिलेले आहेत. कानाचा हा भाग दुरुस्त होतो, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे.

पुढची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वळणाची. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस फक्त बाहेरच्या हिश्श्यात असतात. म्हणजे पडद्याजवळ सापडलेला मळ तिथं तयार झालेला नसतो, कुणीतरी तो तिथं ढकललेला असतो. नळीच्या त्वचेची एक खासियत आहे: ती पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून बाहेरच्या दिशेनं सावकाश सरकत येते आणि येताना मळ, धूळ, मेलेल्या पेशी बरोबर आणते. जबड्याची हालचाल या कामाला हातभार लावते. मळ किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असल्यामुळे पाणी नि जंतू दोन्ही थोपवतो. घाण म्हणून जे आपण उपसून काढतो ते कानाचं संरक्षण असतं.

तरीही आगपेटीची काडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, स्कूटरची किल्ली यांपैकी काहीच हाताशी नाही म्हणून कान कोरायचा राहिला, असं आपल्याकडे सहसा होत नाही. मुंबईच्या फुटपाथांवर कान साफ करून देणारे अजून दिसतात. शहरी माणसानं काडी सोडून कापसाचा बोळा लावलेली प्लास्टिकची काडी घेतली, इतकाच फरक. ती नळीत घालू नका असं तिच्याच पाकिटावर छापलेलं असतं. मळ खरोखर दाटून बसला असेल तर तो मऊ करणारे थेंब काही दिवस घालावेत आणि काढायचं काम कान-नाक-घसा तज्ज्ञावर सोडावं.

तेलाचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण त्यामागे माया असते. बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडते, ठणका लागला की आजी लसूण कढवलेलं तेल घालते. धडधाकट कानात याचा फायदा काही नाही आणि बहुधा मोठा तोटाही नाही. पण पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरतं. कोकणासारख्या दमट हवेत ओलसर, तेलकट नळीत बुरशीही आनंदानं वाढते. तेलाचा एक उपयोग मात्र डॉक्टरही मान्य करतात. कानात जिवंत किडा शिरून फडफडत असेल आणि पडदा शाबूत असेल, तर तेलानं तो मरतो आणि माणूस शांतपणे दवाखान्यात पोहोचतो. मुलानं हरभरा किंवा शेंगदाणा घातला असेल तर पाणी घालू नये, दाणा फुगतो. आणि बटणाएवढी बॅटरी गेली असेल, तर काहीही न घालता तडक रुग्णालय गाठावं. ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

नळीच्या टोकाला पडदा. व्यास आठ ते दहा मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. शाळेत आणि घरात कानफटात मारण्याची आपल्याकडची सवय इथं आठवावी लागते. तळवा कानावर सपाट बसला की नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना असे फाटलेले पडदे नवीन नाहीत. फाटलेल्या पडद्याला सर्वांत मोठं औषध म्हणजे काही न करणं. पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब घालायचे नाहीत, नाक जोरात शिंकरायचं नाही.

पडद्यामागे हवेनं भरलेली एक लहानशी खोली आहे आणि तिच्यात तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. ही हाडं कशासाठी, याचं उत्तर विहिरीत बुडी मारली की मिळतं. काठावरच्यांचं बोलणं ऐकू येईनासं होतं, कारण हवेतला ध्वनी पाण्याला भिडला की त्याची हजारातली नऊशे नव्व्याण्णव भाग ऊर्जा परत फिरते. ऐकणारा खरा अवयव द्रवात बुडालेला आणि ध्वनी मात्र हवेतून येणारा, हा पेच या तीन हाडांनी सोडवलेला आहे. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे सतरा पट आहे. त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा मिळून दाब वीस-बावीस पटींनी वाढतो. गेलेलं जवळजवळ सगळं भरून निघतं.

या खोलीला हवा पुरवणारी नळी नाकामागे उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाची या इटालियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते. घाटातून उतरताना किंवा विमानात आवंढा गिळला की कान सुटतो तो तिच्यामुळे. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचं पर्यवसान त्यांच्यात चटकन कानदुखीत होतं. आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नये, हा सल्ला याचसाठी.

इथून कान वाहण्याची गोष्ट सुरू होते. आपल्याकडे ‘त्याचा कान फुटलाय’ हे इतक्या सहजपणे म्हटलं जातं की तो आजार आहे हेच विसरायला होतं. पण कान वाहणं पुष्कळदा वर्षानुवर्षं चालतं, ऐकणं हळूहळू कमी होत जातं आणि मूल वर्गात मागे पडतं. दुर्गंधीयुक्त, थोडाच पण सतत येणारा स्राव त्याहून वाईट. त्यात अनेकदा पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन तिची गाठ वाढत असते. ती हाडं कुरतडत चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. अशी गाठ थेंबांनी बरी होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. केंद्र सरकारनं बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू केला, त्याच्या उद्दिष्टांत हा टाळता येण्याजोगा बहिरेपणा मुख्य आहे.

आणि तो टाळता येतो, नव्हे दुरुस्तही होतो. जॉन शे या अमेरिकन शल्यविशारदानं १९५६ मध्ये एका बाईंची जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली आणि बाईंना ऐकू येऊ लागलं. आज टायटॅनियमची हाडं मिळतात. मध्यकर्णापर्यंतचा कान म्हणजे यंत्रभाग आहे आणि यंत्रभाग बदलता येतो.

अंतर्कर्णाचं तसं नाही. तो कानशिलाच्या हाडाच्या ज्या भागात दडलेला आहे, तो शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी एक. प्राचीन सांगाड्यांतून डीएनए काढणारे संशोधक मुद्दाम याच हाडाची पूड घेतात, कारण त्यात तो हजारो वर्षं टिकतो. निसर्गानं किल्ला इतका भक्कम बांधला, पण शत्रू ध्वनी होऊन राजरोस मुख्य दरवाजानं आत येतो.

या किल्ल्यात दोन खाती आहेत. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या पायथ्याचे दोन कप्पे हे एक. कप्प्यांतले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे सुटून नलिकेत गेले की कूस बदलताना खोली गरगरते. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते खडे जागी आणतात आणि बऱ्याचदा एका बैठकीत काम होतं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानींना या खात्याचा उलगडा कान धुताना झाला. पाणी गार असलं की रोग्याला एका दिशेनं चक्कर येते आणि फार गरम असलं की उलट दिशेनं. त्यावर त्यांनी जी तपासणी बसवली, तिच्यासह या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं आणि ती बातमी त्यांना रशियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. कानात घालायचे थेंब तळहातात धरून अंगाइतके कोमट करावेत, या घरगुती वाटणाऱ्या नियमामागचं कारण हेच.

दुसरं खातं कॉक्लिया. अडीच-पावणेतीन वेढ्यांचा हा शंख उलगडला तर पस्तीस मिलिमीटर भरेल. त्याच्या लांबीभर एक पडदी ताणलेली असते, दारापाशी अरुंद आणि ताठ, टोकाला रुंद आणि सैल. बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांची हाडं कोरून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पडदीची हालचाल पाहून दाखवलं की ध्वनी तिच्यावरून लाटेसारखा धावतो. बारीक, तीव्र सुरांची लाट दाराजवळच शिगेला पोहोचून विरते, तर खर्जाची थेट टोकापर्यंत जाते. त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज आणि टाळांची किणकिण ऐकणाऱ्या जागाच वेगवेगळ्या आहेत.

या पडदीवर केशपेशींच्या रांगा आहेत. आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आतली एक रांग, तिच्यात सुमारे साडेतीन हजार पेशी. बाहेरच्या तीन रांगा, त्यांत बारा हजारांच्या आसपास. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात हे लक्षात घेतलं, म्हणजे कान किती तुटपुंज्या भांडवलावर संसार करतो ते कळतं. हे भांडवल जन्मापूर्वीच ठरतं. त्यात पुढं एकाही पेशीची भर पडत नाही.

आतली रांग ऐकते आणि मेंदूला कळवते. बाहेरच्या रांगा काय करतात हे बराच काळ कोडं होतं. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या काढलेल्या बाहेरच्या पेशीला विजेचा स्पंद दिला, तर ती आखूड-लांब होऊ लागली. या पेशी ध्वनीच्या तालावर नाचून पडदीची हालचाल वाढवतात, म्हणून आपल्याला कुजबुज ऐकू येते आणि गर्दीत एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो. या नाचण्याचा प्रतिध्वनी उलट बाहेरही येतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये कानातून निघणारा हा आवाज नोंदवला, तेव्हा अनेकांना ते खरं वाटेना. आज त्याच आवाजावर नवजात बाळाची तपासणी होते: झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी शोधणी ठेवायची, टिकटिक ऐकवायची आणि कान उत्तर देतो का पाहायचं. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, हे जगभर मान्य झालेलं वेळापत्रक आहे. आपल्या काही मोठ्या रुग्णालयांत ते पाळलं जातं. तालुक्याच्या प्रसूतिगृहात बाळ ‘उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता’ यावर दोन वर्षं निघून जातात.

सगळ्यात आधी बळी पडतात त्या या बाहेरच्या पेशी. मोठ्या आवाजानं त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म रोम वाकतात, तुटतात, पेशीतली रासायनिक घडी विस्कटते आणि ती मरते. मेलेल्या पेशीच्या जागी वण राहतो. कानाला या हल्ल्याविरुद्ध एक बचाव दिलेला आहे: रिकिबीला धरून असलेला एक इवला स्नायू मोठा आवाज आला की आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला आकसायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो. सुतळी बॉम्ब तोवर फुटून गेलेला असतो. तासन्‌तास आवाज चालू राहिला तर तो दमतोही. त्याहून मोठी अडचण अशी की कानाला वेदना होते ती साधारण १२० डेसिबेलच्या पुढे आणि पेशींचं नुकसान सुरू होतं ते ८५ च्या आसपास, तास मोजून. मधल्या सगळ्या पट्ट्यात कान काहीच तक्रार करत नाही. भाजलेला हात आपण झटकन मागे घेतो, तसं इथं होत नाही.

गोंगाटानं बहिरेपण येतं हे काही नव्यानं कळलेलं नाही. बर्नार्डिनो रामात्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे: एकाच वस्तीत दिवसभर ठोकाठोकी, आधी मंद होत जाणारं ऐकणं आणि म्हातारपणी पुरतं बहिरेपण. पुण्याच्या तांबट आळीतून जाताना ते वर्णन परकं वाटत नाही. ग्लासगोच्या टॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर ठोकणाऱ्या शंभर कामगारांची तपासणी केली, तेव्हा त्यांत धड कानाचा एकही निघाला नाही. याच्या उलट टोकाचा दाखला सॅम्युएल रोझेन यांनी १९६२ मध्ये दिला. तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांच्या शांत वस्त्यांत म्हाताऱ्यांचीही श्रवणशक्ती आश्चर्य वाटावं इतकी शाबूत होती. आहार, रक्तदाब, अनुवंश यांचाही त्यात वाटा असणार, पण उतारवयातलं सगळं बहिरेपण वयाच्याच माथी मारता येत नाही, हे त्यातून पुढं आलं.

लँकेशरच्या कापड गिरण्यांतल्या विणकरांनी नुसत्या ओठांच्या हालचालींवर बोलण्याची रीतच बसवली होती. मुंबईच्या साचेवाल्यांना आणि आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमाग कामगारांना हे समजावून सांगायला नको. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबेलच्या पुढे असतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर कानाला धोका आहे, हा बिनयंत्राचा मापदंड कुणालाही वापरता येतो. गोंगाटानं येणारं बहिरेपण कामगार सुरक्षेच्या कायद्यात नोंदणीयोग्य रोग म्हणून आहे, पण अनेक छोट्या शेड त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

कायद्यातलं गणितही तपासण्यासारखं आहे. डेसिबेल तीननं वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबेल आठ तास, ८८ चार तास, ९१ दोन तास, याप्रमाणे उतरत १०० डेसिबेलला फक्त पंधरा मिनिटं. आपल्या कारखान्यांचे नियम ९० डेसिबेलला आठ तास देतात आणि पाच-पाच डेसिबेलला वेळ निम्मी करतात. त्या हिशेबानं १०० डेसिबेलला दोन तास चालतात. एकच कान, एकच आवाज, आणि परवानगीत आठ पटींचा फरक. केशपेशींना कुठलं गणित लागू पडतं, हे वेगळं सांगायला नको.

कारखान्याबाहेर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबेल. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र दहा ते सहा. मुंबई उच्च न्यायालयात आवाज फाउंडेशनसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं लढून या नियमांची अंमलबजावणी मागितली, २०१६ मध्ये त्यावर सविस्तर निकालही आला. या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. आपल्याकडे आवाजाचा सगळा वाद ‘त्रास’ या एका गोष्टीभोवती फिरतो: शेजारचे आजोबा, हृदयरोगी, परीक्षेला बसलेली मुलं. हे सगळे खरेच आहेत. पण कानाच्या दृष्टीनं सर्वांत जास्त नुकसान होतं ते तक्रार न करणाऱ्याचं. सातारा-कोल्हापूरकडे ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात, त्या स्पीकरच्या भिंतीपुढं तीन-चार तास नाचणारा पोरगा, ताशा गळ्यात अडकवून सराव करणारी मुलगी, जनरेटरच्या गाडीवर बसलेला ऑपरेटर. वस्तीतला आवाज मोजणारा नियम त्यांच्या कानापाशी पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलच्या वर जाऊ नये असा मानदंड दिला, तो ऐकणाऱ्याच्या कानासाठी आहे. मंडळांच्या परवानगीच्या कागदात अशी ओळ यायला हरकत नसावी.

त्या मिरवणुकीनंतरची शिट्टी जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं. दोन तासांच्या मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, पेशीही जिवंत होत्या. पण काही भागात त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे कितपत घडतं यावर वाद चालू आहे. तरी नेहमीच्या तपासणीत कान उत्तम ठरलेले कित्येक जण गलबल्यात मात्र गडबडतात, त्याचं एक संभाव्य कारण हे असू शकतं.

गोंगाटाचा घाव बहुतेकदा चार हजार हर्ट्‌झच्या आसपास पहिल्यांदा उमटतो. याला काही अंशी बाहेरची नळी जबाबदार आहे: तिच्या लांबीमुळे तीन हजार हर्ट्‌झच्या आगेमागे ध्वनी आपोआप वाढतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून आवाज येत राहतो. व्यंजनं मात्र वरच्या पट्टीत. काठ, पाठ, साठ, ताठ यांतला फरक तिथंच असतो. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार घरातले हट्टीपणा समजतात आणि मग कानाशी येऊन ओरडतात. त्यानं न कळणारा शब्द आणखी मोठा होतो, कळत मात्र नाही.

आवाजाखेरीज औषधांचाही धोका आहे. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये ॲल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधलं आणि क्षयरोगावर पहिलं खरं औषध मिळालं. थोड्याच काळात ते घेणाऱ्यांचा तोल जाऊ लागला. त्याच कुळातली जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही औषधं केशपेशींत शिरून त्यांना मारतात. आईकडून येणारा एक जनुकीय बदल असेल तर थोड्या मात्रेनंही कान जाऊ शकतो. म्हणून इंजेक्शनापूर्वी ‘आईकडच्या कुणाला औषधानं बहिरेपण आलं होतं का’ हे विचारावं, त्याला एक मिनिट लागतं. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनचा वापर थांबवावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं आहे, त्याचं एक कारण हे बहिरेपण आहे. भोक पडलेल्या कानात दुकानदाराच्या सल्ल्यानं जेंटामायसिनचे थेंब घालू नयेत तेही यासाठीच.

आवाजापासून बचावाची साधनं महाग नाहीत. ढोलपथकात कानात कापूस घालतात, त्यानं जवळपास काहीच अडत नाही. फोमचे बोळे चालतात, पण नीट घातले तर: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बाहेर अर्धा लोंबणारा बोळा म्हणजे दिखावा. वादकांसाठी सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखा कमी करणारे खास बोळेही मिळतात, त्यांनी ताशाची तड मरत नाही. उघड्यावर एकाच स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबेल उतरतात, आणि यासाठी खिशातून काही जात नाही. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबेल, मुलांसाठी ७५. लोकलच्या डब्यात गाडीच्या खडखडाटावर मात करायला फोनचा आवाज चढवला की हा कोटा भराभर संपतो. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन इथं कामाचे, कारण त्यामुळे आवाज चढवावाच लागत नाही.

आणि एक निकडीची गोष्ट. सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नये. अंतर्कर्णाचा तो झटका असू शकतो आणि स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्तीत जास्त होतो.

गेलेल्या पेशींच्या जागी आज जे मिळतं त्यात श्रवणयंत्र पहिलं. ते आवाज वाढवतं, बाहेरच्या पेशींनी केलेली निवड मात्र परत देऊ शकत नाही. पेशी पुरत्या गेल्या असतील तर कॉक्लियर इम्प्लांट थेट मज्जातंतूला वीज देतं. बहुविद्युतअग्रांचं इम्प्लांट १९७८ मध्ये मेलबर्नला बसवणारे ग्रॅम क्लार्क तार शंखाच्या वेढ्यांत कशी सरकवावी या विवंचनेत होते. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या शंखात गवताची काडी घालून पाहताना त्यांना उमगलं की बूड ताठ आणि टोक लवचीक हवं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत केंद्राच्या योजनेतून गरीब घरांतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं. पण वीस-बावीस विद्युतअग्रं साडेतीन हजार पेशींचं काम करणार म्हणजे मेंदूला बरीच भर घालावी लागते आणि ती भर कोवळ्या वयातला मेंदूच नीट घालतो.

नव्या पेशी उगवता येतील का? पक्ष्यांना येतात, हे १९८८ पर्यंत कोंबडीच्या पिल्लांवर आणि लाव्यांवर सिद्ध झालं. बहिरा झालेला पक्षी काही आठवड्यांत पुन्हा ऐकू लागतो. सस्तन प्राण्यांनी ही कला कुठंतरी हरवली. माणसाच्या कानात पेशी उगवाव्यात म्हणून पडद्यातून टोचायच्या एका औषधाकडून मोठ्या आशा होत्या, २०२३ मध्ये त्याची चाचणी फसली. पुढच्याच वर्षी शांघायहून चांगली बातमी आली: ओटोफर्लिन या प्रथिनाचं जनुक जन्मतः बिघडलेल्या मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडल्यावर त्यांतली बहुतेक ऐकू लागली. मात्र त्या मुलांच्या केशपेशी सुरुवातीपासून जाग्यावर आणि जिवंत होत्या, फक्त निरोप पुढं पोहोचत नव्हता. डॉल्बीपुढं नाचून पेशीच गमावलेल्या कानाला त्या उपचाराचा उपयोग नाही.